फ्रेमची डावी कड

काकासा व्हिडिओतला चेहरा कधी पाहत नसत. नवरी रडत असो की नवरदेव घोड्यावरून घसरत असो, त्यांची नजर मांडवामागच्या झाडावर असायची. "चेहरा फसाडी देस," ते म्हणायचे. "पान दख, पोरी. पानंपान येगळं दिखनं तं फाईल चांगली शे. हिरवा चिखल दिखना तं समज, कोनीतरी तिना जीव लिन्हा."

शहाद्याला स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. तीन पिढ्यांपूर्वी त्यांचं कुटुंब राजस्थानातून इकडे आलं. भावांनी कापडाची पेढी सांभाळली आणि या एकट्याने तरुणपणी खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा विकत आणला. पुतणे त्यांना काकासा म्हणायचे, मग गल्ली म्हणायला लागली, मग तालुका. घरी मारवाडी, गिऱ्हाइकाशी आमची अहिराणी. सूर्य मावळल्यावर ते पाणीही घेत नसत, त्यामुळे आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंगती उपाशीपोटी चित्रित करत आले. मी तापीकाठच्या प्रकाशा गावची, लग्न होऊन शहाद्यात आलेली, आधी झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करायचे. त्यांच्याकडे लागले तेव्हा लग्नांचं शूटिंग त्यांनी सोडलं होतं. लोकांच्या कपाटातल्या जुन्या कॅसेटी, सीड्या आणि आता कुठल्याच मोबाइलवर न उघडणाऱ्या फायली नव्या रूपात आणून द्यायच्या, एवढंच काम उरलं होतं.

गिऱ्हाईक दुकानात आलं की काकासा "या, बसा" म्हणायच्या आधी विचारायचे, "कितला मिनिट?" लोक गोंधळायचे. त्यांना एमबी आणि जीबी माहीत असायचे, आपला व्हिडिओ किती मिनिटांचा आहे ते माहीत नसायचं. काकासांचं म्हणणं असं, की फाईल केवढी होणार हे फक्त दोन गोष्टी ठरवतात: एका सेकंदाच्या वाट्याला तुम्ही किती माहिती देता आणि असे सेकंद किती आहेत. पहिल्या गोष्टीचं नाव बिटरेट. कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी स्केचपेनने लिहिलं होतं: बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ, कारण आठ बिटांचा एक बाइट. सेकंदाला दोन मेगाबिट, म्हणजे दोन एमबीपीएसने तासाभराची फाईल केली तर नऊशे एमबी. हा हिशेब त्यांनी मला पहिल्याच दिवशी कागदावर करायला लावला आणि माझं उत्तर बरोबर आल्यावर डबीतली बडीशेप दिली.

एकदा आमच्या प्रकाशाचेच एक केळीवाले शेतकरी आले. भावकीतल्या सगळ्या लग्नांचे तीस-चाळीस तास त्यांना एका छोट्या पेन ड्राइव्हमध्ये हवे होते, आणि चित्र अगदी काचेसारखं.

"दादा, तुन्हा ड्रिपर कितला लिटरना शे?" काकासांनी विचारलं.

"तासले चार लिटरना."

"आनि तीन तास चालना तं झाडले कितलं पानी भेटनं?"

"बारा लिटर."

"मंग तुन्ही टाकी शे पाच लिटरनी, नि तू म्हनस झाडले बारा लिटर दे. कोठून दिऊ?"

शेतकरी हसले आणि मोठा ड्राइव्ह घेऊन आले. त्यानंतर मीही गिऱ्हाइकांना बिटरेट ड्रिपरनेच समजावायला लागले. आमच्या भागात ते कुणालाही लगेच कळतं.

मात्र सगळ्या चित्राला सारखं पाणी लागत नाही, हेही त्यांनीच शिकवलं. पाटावर बसलेली नवरी कमी बिटरेटमध्ये भागते, कारण पाच मिनिटांत तिची फक्त पापणी हलते. सारंगखेड्याच्या यात्रेतला पळता घोडा भागत नाही. घोड्याचे पाय, उडणारी माती, मागची गर्दी, सगळं दर क्षणी बदलतं. कंजूषपणा केला की घोडा चौकोनी ठोकळ्यांवरून पळायला लागतो. असा एक बिघडवलेला व्हिडिओ घेऊन एक घोडेवाले आले होते. घोडा मेलेला, मूळ सीडी फेकून दिलेली, हातात फक्त ही लहान केलेली फाईल. "मोठी करून द्या," ते म्हणाले. काकासांनी मान हलवली. "फाईल मोठी करीसन गयेलं परत येत नही. ठोकळाच मोठा व्हतीन." त्या माणसाने हात जोडले तरी काकासांनी काम घेतलं नाही. दुसऱ्या कुणी घेतलं असतं.

म्हणूनच मूळ फाईलला ते हात लावू देत नसत. कॅसेटमधून जसं निघालं तसं आधी एका डिस्कवर उतरवायचं, त्याला 'मूळ' असं नाव द्यायचं, मग त्याच्यावरून लहान फाईल करायची. लहान केलेली पुन्हा लहान करायची नाही. दर खेपेला काहीतरी जातं आणि काय गेलं ते शेवटपर्यंत कळत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मला तेव्हा वाटायचं, माणूस जरा अतीच करतो.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी काहीतरी बिनसायला लागलं. आधी मला ते काय आहे ते कळेना. शटरच्या डाव्या चौकटीवर त्यांचा खांदा आपटायचा. रोजचं शटर, रोजची चौकट. मी डाव्या हाताशी ठेवलेला चहा गार व्हायचा आणि अर्ध्या तासाने ते विचारायचे, "चहा नही उना का?" मग एके दिवशी त्यांनी स्कूटर पुतण्याला देऊन टाकली आणि म्हणाले, चालणं तब्येतीला चांगलं. चालताना ते गल्लीच्या भिंतीला धरून चालत. समोरून हातगाडी आली की थांबायचे आणि ती पूर्ण गेल्यावरच पाऊल उचलायचे.

खरी भीती मला स्क्रीनसमोर वाटली. तळोद्याच्या एका लग्नाची फाईल झाली होती. मागच्या कडुलिंबाचं पान न् पान मला स्वच्छ दिसत होतं. काकासा पुढे वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चिखल. बिटरेट वाढाय."

मी वाढवला. दोनाचा चार केला. त्यांनी पुन्हा पाहिलं, पुन्हा चिखल. सहा, दहा. शेवटी वीस. तासाच्या लग्नाची नऊ जीबीची फाईल. त्या जुन्या कॅसेटमध्ये तेवढं चित्र मुळात नव्हतंच. टाकी भरून वाहत होती. हे मला ज्यांनी शिकवलं तेच मला वाढव म्हणून सांगत होते. मी आकडा वाढवत गेले. वाटलं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि खरं सांगायचं तर मला कळलं होतं आणि ते तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती. त्या दिवसापासून सगळ्याच फायली वीसने व्हायला लागल्या. डिस्का भराभर भरू लागल्या. लाल पट्टी दाखवणाऱ्या डिस्ककडे बघतच मी पुढचं काम लावायचे.

त्याच सुमाराला रमिला आली. खापर गावाच्या वरच्या डोंगरातल्या एका पाड्यावर ती अंगणवाडी चालवायची. अक्कलकुवा, तळोदा असं करत दोन बस बदलून आली होती. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक व्हीएचएस कॅसेट.

"सर, तुम्हीच शूटिंग केलं होतं. आमच्या पाड्यातल्या लग्नाचं. मी चार वर्षांची होते," ती म्हणाली. "त्यानंतर त्याच पावसाळ्यात आई गेली. मावशी म्हणते आई ह्या कॅसेटमध्ये आहे. आईचा फोटो नाही आमच्याकडे. एकपण नाही."

काकासांनी कॅसेट नाकाजवळ नेऊन वास घेतला. धूर आणि ओल. खिडकीतून पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली. "एकच दाव भेटी," ते मला म्हणाले. एकदाच चालेल. त्यांनी ती उघडून हाताने साफ केली, दोन दिवस उन्हाजवळ पण सावलीत ठेवली आणि मग प्लेअरमध्ये घातली. ती चालली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालली, आणि मागे गुंडाळताना आत अडकून तुटली. बाहेर काढली तेव्हा टेपवरचा तपकिरी थर पिठासारखा बोटाला लागत होता. काकासा म्हणाले, "राहू दे. मूळ आपलाकडे उनं ना."

आई कोणती हे रमिलालाही ठाऊक नव्हतं, मावशीला ओळखायचं होतं. म्हणून बायका गाणी म्हणतात तो दहा मिनिटांचा तुकडा मी लहान करून तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पंधरा एमबी. काकासांनी आकडा ऐकून तोंड वाकडं केलं. "हाई काय फाईल शे? हाऊ कचरा." मी म्हटलं, फक्त ओळखण्यापुरता.

पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती. रमिलाला तो तुकडा मावशीला दाखवून, तिच्याकडून समजून घेऊन परत यायला आठ-दहा दिवस लागले. त्या दिवसांत मी माहेरी होते, वडिलांचं आजारपण होतं. काकासा एकटेच दुकानात होते.

रमिला आली त्याच दुपारी मी कामावर परतले होते. ती हसत होती. "सापडली, सर! बायका गातात ना, त्यांच्यात डाव्या कडेला. निळी साडी. अर्धी दिसते, पण तोंड पूर्ण दिसतं. मला ते मोठं करून फोटो पाहिजे."

काकासांनी तयार झालेली फाईल लावली. मोठा स्क्रीन, वीसचा बिटरेट. बायका हातात हात गुंफून गात होत्या. रमिला स्क्रीनजवळ गेली. तिने डावी कड पाहिली, मग मागे माझ्याकडे पाहिलं.

"इथे नाही ती."

"व्हई ना. नीट दख," काकासा म्हणाले.

"सर, ह्या कडेला अजून दोन बायका होत्या."

"तठे कोनीच नव्हतं," काकासा ठामपणे म्हणाले. "नुसता रंगनी घान व्हती. म्हनीसन कापी टाकी."

जुन्या टेपच्या कडांना रंगांची खरड येते आणि ती बोटभर कापावी लागते, हे खरं आहे. आम्ही नेहमीच कापायचो. पण ह्या फायलीत डावीकडून हातभर चित्र कापलेलं होतं. मी म्हटलं, "मूळ काढते, थांब." मूळची डिस्क उघडली. तिच्यात लग्नांच्या नऊ-नऊ जीबीच्या फायली होत्या. रमिलाच्या नावाचं मूळ नव्हतं.

"जागा नव्हती," काकासा हळू म्हणाले. "काम व्हयेल, मंग... मी काढी टाकं."

मी रमिलाचा मोबाइल घेतला, तो तुकडा लावला आणि त्यांच्यासमोर धरला. "काकासा, डावीकडे. दखा."

"कोठे?"

"आठे." मी बोट ठेवलं.

ते स्क्रीनच्या मधोमध बघत होते. मी त्यांची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली. गिऱ्हाइकासमोर, वडिलांच्या वयाच्या माणसाची. मान वळली आणि त्यांना दिसलं. निळा डाग, त्यावर एक सावळा चेहरा, गाताना डुलणारा. त्यांनी मान सरळ केली. पुन्हा वळवली. पुन्हा सरळ केली. काय होतंय ते त्यांचं त्यांनीच तपासून पाहिलं, जसं ते एखादी केबल काढून-लावून बघायचे. मग मोबाइल माझ्या हातात देऊन खुर्चीवर बसले.

"बहीन," ते रमिलाला म्हणाले, "चूक मन्ही शे. तुन्ही माय मी कापी टाकी."

रमिला रडली नाही. तिने विचारलं, "मग आता ती कुठे आहे?" तिला फाईल कुठे आहे असं विचारायचं होतं.

पुढचे दोन दिवस मी पुसलेल्या फायली परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्या जागेवर काकासांच्याच वीसच्या फायली येऊन बसल्या होत्या. एक तुटका भाग मिळाला, तो उघडला नाही. मग मी त्यांना न सांगता शेवटचा उपाय केला. हल्ली पुसट चेहरा स्वच्छ करून देणारी सॉफ्टवेअरं निघाली आहेत. त्या दहा मिनिटांच्या तुकड्यातला चेहरा मी त्यात घातला. काही सेकंदांत एक बाई तयार झाली. गुळगुळीत गाल, रेखीव भुवया, मोठे डोळे, आणि ती थेट माझ्याकडे बघत होती. मला हायसं वाटलं, जमलं. काकासांना बोलावून मान वळवून दाखवलं.

ते खूप वेळ पाहत राहिले. "सुंदर शे," ते म्हणाले. "पन हाई कोन?"

मी तो पंधरा एमबीचा तुकडा बाजूला लावला.

"पंधरा एमबीमा नाक-डोया नव्हतात. मंग हाया कोना शेत? ती पोर जलमभर हाई बाईले माय म्हनी. पुसी टाक."

मी ती पुसली. रमिलाला ती मी दाखवलीच असती, आणि ती आनंदाने घेऊन गेली असती.

शेवटी रमिलाला तो लहान तुकडाच दिला, जसा होता तसा, आणि त्याच्या तीन प्रती. काकासांनी तिला बजावलं की हा कुणालाही पाठवून मग परत त्याच्याकडून घ्यायचा नाही, दर खेपेला त्यातलं थोडं जाईल. फोटो निघाला नाही; थांबवलं की चेहऱ्याचे नुसते पाच-सहा ठिपके राहायचे. चालू केलं की मात्र त्या ठिपक्यांतून एक बाई डुलायची आणि शेजारणीकडे झुकायची. "हालते तर आहे," रमिला म्हणाली. "मला वाटलं होतं, फोटोसारखी असेल." ती गेली, आणि काकासा त्या दिवशी जेवले नाहीत.

मी आणि त्यांच्या पत्नी काकीसा त्यांना नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याला नळीतून पाहावं तेवढंच. "हे कडेकडून खात येतं," डॉक्टर म्हणाले. "मधलं शेवटपर्यंत राहतं, जरा पुसट होतं एवढंच, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंब घालून सांभाळायचं." मग त्यांनी विचारलं, "घरात, कामावर कुणाच्या लक्षात नाही आलं? वर्षभर तरी झालं असेल."

काकीसा माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनाही चहाचे गार कप माहीत असणार. परतीच्या गाडीत मी काकासांना सगळं सांगितलं: कडुलिंबाची पानं, चार, सहा, दहा, वीस. ते खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. मग म्हणाले, "तू म्हनती ना, तं मी तुलेच आंधयी म्हनतू." म्हणजे मलाच आंधळी ठरवलं असतं. एवढंच. ते मला माफ करत होते की खरं सांगत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर चार महिने आम्ही दुकानातल्या साऱ्या उरलेल्या कॅसेटी उतरवून काढल्या. प्रत्येकीचं मूळ दोन डिस्कांवर, आणि दोन्ही डिस्का वेगळ्या घरात. बिटरेट मी ठरवायचे. काकासा स्क्रीनकडे पाठ करून बसत आणि आवाज ऐकत. सनईचा आवाज जरा भांड्यासारखा वाजला तरी हात वर करायचे. कधीकधी ते एखाद्या गावाचं नाव, मांडवाची दिशा, कोण कुठे उभं होतं ते आधीच सांगायचे, आणि स्क्रीनवर तसंच असायचं. एकदा मात्र सांगता सांगता थांबले. "डाव्या बाजूले कोन व्हतं, याद नही," म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

सुरतेला असलेला मुलगा त्यांना न्यायला येणार होता. आदल्या दिवशी दुपारी ते दुकानात आले, धुतलेला पांढरा शर्ट, केस विंचरलेले. "मन्ही शूटिंग कर," म्हणाले. इतक्या वर्षांच्या इतक्या लग्नांत ते कुठेच नव्हते. कुठे खोकला, कुठे "थोडं मांगे सरका" असा आवाज, तेवढेच.

मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. लाल दिवा लागला. ते बोलायला लागले, पण शटरमधून येणाऱ्या उजेडाकडे बघून, कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला. आवाज छान होता. घरच्यांना चाललं असतं, कुणी काही म्हणालं नसतं. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"काकासा, कॅमेरा तठे नही. आठे शे. मन्हाकडे दखा."

मग त्यांनी मान वळवायला सुरुवात केली, फार हळू, भिंत, कपाट, कॅलेंडर ओलांडत, आणि मी हललेच नाही. मान माझ्यापाशी येऊन थांबली.

"आते दिखनी," ते म्हणाले. "चालू कर."